खुंट्यांचं भरीत

रावेरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी लताबाईंची वस्ती. शेजारच्या नाल्याचा अलीकडचा काठ महाराष्ट्राचा, पलीकडचा मध्यप्रदेशचा आणि पाणी कुणाचंच नाही, कारण ते थांबतच नव्हतं. बायकांच्या राखीव जागेवर सरपंच होताना लताबाई एकच गोष्ट बोलून बसल्या होत्या: इथं बंधारा. पंच्याण्णव सालच्या हिवाळ्यात विहिरींनी तळ दाखवला. पावसाळ्याआधी काम झालं नाही तर मंजूर पैसा परत जाणार होता.

अडचण शहाण्या माणसांची होती. पुण्याचे भूगर्भवाले साहेब खडक तपासून लाल खुंट्या ठोकून गेले. पलीकडचे रेंजर तिवारीजी सागाची झाडं वाचवत पांढऱ्या ठोकून गेले. पैसा देणाऱ्या संस्थेच्या जर्मन बाईंनी गवत आणि बेडूक मोजून निळ्या ठोकल्या. तिघं तीन वेळा आले आणि मग एकमेकांना पत्रं लिहीत बसले.

शेवटी लताबाईंनी तिघांना एकाच दिवशी भरीत खायला बोलावलं. भरिताला नाही म्हणणारा साहेब खान्देशात अजून आलेला नाही.

नाल्यातच चूल मांडली. वांगी भाजायला लागणाऱ्या कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या शेताच्या दुसऱ्या टोकाला होत्या आणि नवरा जीवराम चालण्यात कंजूष. तरी मोळी झटक्यात आली, भरीत झकास झालं. पाहुणे जेवायला बसले, तेव्हा पुण्याच्या साहेबांना राखेत एक निळं टोक दिसलं.

"लताबाई, आमच्या खुंट्या कुठे आहेत?"

लताबाई नवऱ्याकडे वळल्या. "आवो, चुलीत काय जायलं तुमी?"

"मले वाटलं, तिन्ही साहेब बठ्ठे जमले म्हंजे जुन्या खुंट्या रद्द." जीवराम पुरी मोडत म्हणाला. "तिवारीजी, तुमच्या सागाच्या होत्या ना? मस्त पेटल्या."

हे जर्मन बाईंना समजावताच त्यांना हसता हसता ठसका लागला. लताबाई त्यांची पाठ चोळत पुटपुटल्या, "हिले काही झालं तर पैसाबी गेला."

खुंट्याच नाहीत म्हटल्यावर तिघांना पहिल्यांदाच एकत्र नाला चढावा लागला. भांडत भांडत एक जागा सापडली. खडक पक्का, साग बाजूला, बेडूक सुखरूप. फक्त पाणी फुगणार होतं ते लताबाईंच्या खालच्या केळीच्या बागेत.

"आपल्याच केयीत?" जीवराम म्हणाला.

"हरकत असेल तर पुन्हा पत्रव्यवहार करावा लागेल," साहेब म्हणाले.

पत्रव्यवहार म्हणजे काय, हे लताबाईंना पुरेपूर माहीत होतं. त्यांनी बागेकडे पाहिलं. घड भरत आले होते.

"घड उतरेस्तोवर थांबा," त्या म्हणाल्या. "मंग बुडवा."

जीवराम उन्हाळ्यातल्या आखाजीच्या सणापर्यंत त्यांच्याशी बोलला नाही. बंधाऱ्यावर दगड वाहायला मात्र रोज गेला.