समोरच्या इमारतीतला संगणक
आमच्या कॉलेजच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनाला चार भाषणं झाली, पण तिचं नेटवर्क जुन्या इमारतीहून वेगळं आहे हे कुणी बोललं नाही. परीक्षेच्या अर्जांची यादी जुन्या ऑफिसातल्या संगणकात होती, अर्ज पाठवायचा शेवटचा दिवस होता, आणि नव्या इमारतीतल्या माझ्या पडद्यावर त्या संगणकाचं नावच दिसेना. फोन केला.

“चालू हाय की सर, माझ्यासमोरच हाय,” तिथल्या क्लार्कबाई म्हणाल्या.

मग शेवगावहून नेटवर्कवाल्याला बोलावलं. त्यानं माझ्या पडद्यावर त्या संगणकाचा आकडी पत्ता टाइप केला. यादी उघडली.

“मग आधी का दिसत नव्हता?”

“दुसऱ्या नेटवर्कातली नावं इकडं येत न्हाईत सर. पत्ता टाकायचा.”

अर्ज वेळेत गेले. मला अजूनही नीट कळलेलं नाही. पत्ता मात्र उद्घाटनाच्या फोटोवर चिकटवून ठेवलाय.