रेडिओतल्या बाईनं उठवलेलं घर

आम्ही पौड सोडलं ते एका थंड सकाळी, पहिल्या एसटीनं. अब्बांनी दुकानाला कुलूप लावलं, ओढून पाहिलं, आणि किल्ली कुणाकडे ठेवावी हे न सुचून तिथंच उभे राहिले. आई डोक्यावरचा पदर घट्ट धरून बसमध्ये खिडकीपासून लांब बसली होती. स्टँडवर माणसं होती, सगळी ओळखीची. पण "कुटं निघालात?" असं कुणी विचारलं नाही. पौडात एसटीत चढणाऱ्याला हे विचारलं नाही असं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. फक्त शेजारची पारूवैनी धावत आली, माझ्या मांडीवर भाकऱ्यांचं फडकं टाकलं आणि म्हणाली, "जैनू, आईला जप गं." कंडक्टरनं घंटी मारली.

पौडातल्या माझ्या माणसांनो, आणि माझ्यासारखं उठून गेलेल्यांनो, आम्ही का गेलो ते तुमच्यातल्या बऱ्याच जणांना ठाऊक आहे. पण कुणी कधी बोललं नाही, म्हणून मी सांगते.

एकाहत्तरच्या युद्धाचे दिवस होते. माझा मोठा भाऊ युसूफ पलटणीत होता, पश्चिमेच्या सीमेवर. पारूवैनीचा महादू त्याच पलटणीत. दोघं एकत्रच भरती झाले होते. पारूवैनीला नवरा नव्हता, महादू एकुलता एक. अब्बांचं बाजारात कंदील आणि गॅसबत्त्या दुरुस्त करायचं दुकान होतं, म्हणून गाव त्यांना बत्तीवाले हमीदभाई म्हणायचं. युद्ध सुरू झालं आणि काळोख पाळायचा हुकूम आला. खिडक्यांना काळे कागद लागले. आणि कुठून कोण जाणे, बातमी उठली की शत्रूची विमानं मुळशीचं धरण फोडायला येणार. धरण आमच्या वरच्या अंगाला. फुटलं तर पौड राहील का? बायका अंगणात उभ्या राहून नदीकडं बघायच्या. पाणी नेहमीएवढंच होतं, तरी कुणीतरी म्हणायचं, "वाढल्यागत वाटतंया."

संध्याकाळी आम्ही रेडिओ लावायचो. आपल्या बातम्या संपल्या की अब्बा हळूच काटा फिरवायचे आणि पलीकडचं स्टेशन लावायचे. तिथं एक बाई बोलायची. आवाज इतका गोड, की मावशीच बोलते आहे असं वाटावं. ती हिंदुस्थानातल्या आयांशी बोलायची. पकडलेल्या शिपायांची नावं, गावं वाचायची. नावांसाठीच लोक ऐकत, हे तिला ठाऊक होतं. दोन नावांच्या मध्ये ती आपलं म्हणणं घालायची, की तुमचे अधिकारी पळाले, तुमच्या पोरांना पुढं करून साहेब मागं बसलेत. पारूवैनी मागल्या दारानं येऊन आईच्या शेजारी बसायची. दोघी एकमेकींचा हात धरून ऐकायच्या.

एका संध्याकाळी त्या बाईनं पलटणीचं नाव घेतलं. आमचीच. म्हणाली, तिच्यातला एकही माणूस उरला नाही, त्यांच्या आयांनी आता वाट बघू नये.

आई किंचाळली नाही. ती नुसती थरथरायला लागली, आणि ते थांबेना. पारूवैनी उठली, "खोटं बोलती रांड!" असं ओरडली आणि तशीच रडत बाहेर गेली. दुसऱ्या दिवशी बाजारभर झालं, की पलटण कापली गेली. आसपासच्या गावांतली आणखी पोरं त्या पलटणीत होती. घरोघर रडारड सुरू झाली. मग प्रश्न आला, ही बातमी आणली कुणी?

तिन्हीसांजेला काळोखाची गस्त घालणारी मंडळी आमच्या दारात आली. पुढं सोपानदादा, किराणा दुकानवाला. ईदला आमच्याकडं शीरखुर्मा खायला येणारा माणूस. तो अब्बांच्या डोळ्यांकडं न बघता बोलला.

"हमीदभाई, दुश्मनाचं टेशन लावता म्हनं?"

"पोरगा तितं हाय माझा. नाव लागंल म्हनून लावतो."

मागून एक जण म्हणाला, "आन् धरनाकडं बत्ती कोन दावतंय? इमानाला?"

अब्बा म्हणाले, "बत्त्या दुरुस करायचा माझा धंदा हाय. काळोख पडल्यापासनं काडी बी वढली न्हाई मी."

कुणी ऐकत नव्हतं. कुणीतरी आत शिरून रेडिओ उचलला. मी आईच्या मागं तिचा पदर धरून उभी होते. विमानाची भीती मला अशी कधी वाटली नव्हती. विमान मी पाहिलंच नव्हतं. ही माणसं मी रोज पाहत होते.

तेवढ्यात पारूवैनी गर्दीतून पुढं आली. "रेड्यू मीबी ऐकत व्हते. बातमी माझ्याच तोंडनं बाजारात गेली. मला धरून न्या की!"

सोपानदादा मागं वळला. रेडिओ ओट्यावर ठेवून माणसं पांगली. पण त्यानंतर दुकानात कुणी आलं नाही. एक दिवस फळीवर दगड येऊन पडला. आई जेवेना, दार वाजलं की कोपऱ्यात जायची. अब्बांनी पुण्याला मामांकडं जायचं ठरवलं. म्हणाले, "थोड्या दिसांचं हाय."

युद्ध संपल्यावर युसूफदादा पुण्यात मामांच्या दारात उभा राहिला. वाळलेला, पण धड. आईनं त्याचे खांदे, हात, बोटं चाचपून पाहिली. महादूही सुखरूप होता. एका टेकडीवरनं पलटणीला मागं यावं लागलं होतं, काही माणसं गेली होती. त्याचं त्या बाईनं सगळी पलटण गेली असं केलं.

"अब्बा, ती आमाला मारायला बोलत न्हवती," दादा म्हणाला. "आमी कुटं ऐकतोय? ती तुमाला मारायला बोलत व्हती. घरनं रडकी पत्रं आली की शिपायाचा हात ढिला पडतो."

मग त्यानं आपल्या बाजूचं सांगितलं. एका अंगाला रिकामे ट्रक दिवे लावून नुसते फिरवत ठेवायचे, महादूच चालवायचा. शत्रूला वाटायचं, मोठी फौज जमते आहे. तो आपली माणसं तिकडं हलवायचा आणि हल्ला दुसऱ्याच अंगानं व्हायचा. भोंग्यावरनं पंजाबी गाणी लावायची आणि मधेच सांगायचं, तुमचे साहेब पळाले. पूर्वेकडं तर विमानातनं कागद टाकले, घेरलंय तुम्हाला, शस्त्रं ठेवा. गावांच्या गावांना वळसा घालून आपली फौज पुढं गेली, कारण मागं राहिलेला शत्रूचा शिपाई मनातनं आधीच हरलेला होता. "साहेब म्हनायचे, निम्मी लढाई त्येंच्या डोस्क्यात लढायची."

आईनं विचारलं, "मंग त्येंच्या आयांना कुनी सांगितलं का, की ह्ये खोटं हाय म्हनून?"

अब्बांनी चहा मागवला.

आम्ही परत गेलो नाही. महादू आणि पारूवैनी बोलवायला आले होते, सोपानदादाचाही निरोप होता. अब्बा तयार झाले, पिशवी भरली, पण आईचे पाय थरथरायला लागले. पुढं दुकान दुसऱ्यानं घेतलं. त्या बाईनं पौडातला एकही माणूस मारला नाही. आमचं घर तेवढं उठवलं.

आता मी कुवेतला असते. नवरा इथं क्रेन चालवतो. फ्लॅट आहे, लिफ्ट आहे, एसी आहे, कोपऱ्यावर खुबूसची, म्हणजे इथल्या रोटीची, बेकरी आहे. मुलं शाळेत इंग्रजी, खाली खेळताना अरबी आणि माझ्याशी हिंदी बोलतात. पलीकडं दोन देशांचं युद्ध वर्षानुवर्षं चाललं आहे आणि दोघांचे रेडिओ बोलत असतात. शेजारणी म्हणतात, आज इकडं बाँब पडणार, उद्या तिकडं. मी रेडिओ लावत नाही. पण न लावल्यानं भीती जात नाही, ती शेजारणींबरोबर जिन्यातून वर येते.

परवा दुपारी किनाऱ्याकडं मोठा धमाका झाला. काचा थडथडल्या, मुलं किंचाळली. मी त्यांना ओढून जिन्याखाली बसवलं आणि दोन्ही हातांनी दाबून धरलं. शेजारची केरळची लिसी आमच्याजवळ येऊन बसली होती. आवाज थांबल्यावर तिनं विचारलं, तू एवढा वेळ काय बडबडत होतीस? कुठली प्रार्थना ती?

मला आठवेना. धाकट्यानं सांगितलं. त्याला अर्थ कळला नव्हता, पण शब्द पक्के लक्षात होते. मी म्हणत होते, "हितंच बसा रं माझ्या राजांनो, कुटं जाऊ नगा, मी हाय, मी हाय."

"आमच्या पौडची बोली आहे," मी लिसीला सांगितलं. ज्या गावाच्या भीतीनं आम्ही बाहेर पडलो, त्याच गावाच्या शब्दांत मी मुलांना धीर देत होते. घर म्हणतात ते मला आता एवढंच सापडतं. धाकटा ते शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होता, चुकत होता, आणि मी जिन्याखाली बसून त्याचं 'नगा' नीट करून देत होते.