आखूड नमुन्यांचा प्रताप

एम.टेक.च्या शेवटच्या वर्षी सांगलीच्या कॉलेजात मी तांब्याच्या कांड्या काटकोनात वळलेल्या साच्यातून पुन्हा पुन्हा दाबत होते. त्यानं धातूचे कण बारीक होतात. कण बारीक झाले की धातू बळकट होतो, पण फारसा ताणला न जाता तुटतो, असं सगळी पुस्तकं सांगतात. माझं तांबं मात्र बळकटही होतं आणि ताणलंही भरपूर जात होतं. माझे मार्गदर्शक सर खूश. मी तर वाईला आईला फोन करून सांगितलं की आता पुस्तकं बदलावी लागणार.

कांड्या बोटाएवढ्या. माधवनगरला वायरकट मशीन, म्हणजे बारीक तारेनं धातू कापणारं यंत्र, चालवणाऱ्या चाचांकडून मी एकेका कांडीचे ओढून तोडायच्या चाचणीसाठी सहा-सहा इवले नमुने कापून घ्यायचे. आमच्या घरी एका वांग्यात चार माणसं जेवतात, मी तांबं कशी वाया घालवणार?

प्रबंध द्यायला आठ दिवस उरले होते. चाचांनी तुटलेल्या नमुन्याचे दोन तुकडे जुळवले, भिंग लावलं आणि नको ते बोलले.

"तुटल्या जागीच ताणलंय हे. बाकीचं हाय तेवढंच हाय. नमुना आखूड, म्हणून टक्का मोठा दिसतोय. लांब कापून बघ की."

मला राग आला. त्यांना खोटं पाडायचं म्हणूनच शेवटची कांडी दिली आणि त्याच जाडीचा एकच लांब नमुना कापून घेतला.

ताकद तेवढीच भरली. ताण आधीच्या निम्माही भरला नाही. तुटायच्या आधी नमुना एका जागी बारीक होतो आणि तेवढाच भाग ताणला जातो. माझ्या आखूड नमुन्यांत तो भाग म्हणजे जवळजवळ अख्खा नमुना होता. मी चाचणीच्या मशीनशेजारी बसून रडले. चाचांचा नव्हे, स्वतःचा संताप आला होता.

आलेख पाहून सरांनी विचारलं, हा लांब नमुना आणखी कोणी पाहिला? मी चाचांचं नाव सांगितलं.

"ते काय, कटिंगवाले. सोडून दे तो नमुना."

"सर, चूक त्यांनीच काढली. मी ती छापणार आहे."

सगळ्या चाचण्या पुन्हा कराव्या लागल्या, पदवी सहा महिने लांबली. प्रबंधात आभारांच्या पानावर पहिलं नाव चाचांचं आहे, सरांचं दुसरं. प्रत द्यायला गेले तेव्हा चाचांनी ते पान दोनदा वाचलं आणि चष्मा काढला.

"मास्तर लय चिडला असंल."

चिडले होते. अजूनही बोलत नाहीत.