बिनविरोध

दोन लांबट होड्या शेजारी शेजारी, मधे ताणलेली जाळी आणि वर शीड, याला कॅटामरान म्हणतात. आम्ही जोडी म्हणतो, कारण शर्यत म्हटली की आमच्या डोक्यात आधी बैल येतात. उजनीच्या पाण्यावर अशा पाच जोड्या होत्या, पाचही मीच माझ्या जळोचीच्या शेडमध्ये तयार केलेल्या.

शर्यती भरवणारा क्लब पुण्याचा. त्यांच्या होड्या साध्या, एकेरी. जोडी त्यांच्यापेक्षा जोरात पळते म्हणून ते आमच्या वेळेत भर घालायचे. कळंबचे तात्या सगळ्यांच्या आधी पोचायचे आणि उत्तेजनार्थ बक्षीस घेऊन घरी जायचे. ‘आमचा येगळा वर्ग करा,’ असं ते क्लबला सांगत राहिले. गावात बातमी पसरली की तात्यांनी आरक्षण मागितलंय. दोघांनी पाठिंबाही दिला.

शेवटी क्लबच्या पंचबाई म्हणाल्या, यंदा पाच जोड्या रेषेवरून सुटल्या तर स्वतंत्र वर्ग देऊ. तात्यांचे गुडघे आता जाळीवर टिकत नव्हते. हा त्यांचा शेवटचा हंगाम, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. ‘एकदा बरोबरीच्यांशी पळायचंय,’ एवढंच ते म्हणायचे.

शर्यतीच्या सकाळी तात्या आणि मी सोडून उरलेल्या तिघा जोडीवाल्यांनी काठावर चहा घेत बैठक भरवली. त्यातला एक लोणी देवकरच्या कारखान्यात सुपरवायझर, दोघे ऊसवाले. आमच्याकडे सोसायटी असो की पतसंस्था, जाणत्याचा मान राखायचा तर निवडणूक बिनविरोध करतात. तिघांनी तोच मान तात्यांना द्यायचं ठरवलं आणि माघार घेतली.

“तुमीबी घ्या माघार,” सुपरवायझर मला म्हणाला. “पयला कप. तात्या बिनविरोध.”

“अहो, पाच सुटल्या न्हाईत तर वर्गच न्हाय!”

“ते बघू नंतर. आधी मान.”

माझं डोकं फिरलं. मी माघार घेणार नाही म्हणालो. मग मी बंडखोर, असं तिथंच एकमतानं ठरलं.

मी जोडी पाण्यात ढकलली. रेषेवर तात्या एकटेच मागे वळून बघत होते.

“बाकीचे कुठं हायती?”

मी सांगितलं. त्यांचा चेहरा पार उतरला. “मान कशाला रं,” ते म्हणाले, “शर्यत पायजे.” मला फार वाईट वाटलं.

काठावर मात्र वेगळीच चिंता होती. बंडखोर निवडून आला तर पॅनेलची अब्रू जाते. तिघांनी चहा अर्धवट सोडला, जोड्या ढकलल्या आणि मला पाडायला रेषेवर आले. पंचबाईंनी पाच जोड्या मोजल्या आणि शिट्टी फुंकली.

सुटल्या सुटल्या तिघांनी मला कोंडलं. तात्या मोकळ्या वाऱ्यात एकटेच पुढं गेले, मग शीड सैल सोडून थांबले.

“सोडा त्येला!” ते ओरडले. “माझ्यासंगं पळा की!”

मग मात्र आम्ही पळालो. कुणी कुणाचं ऐकलं नाही. सुपरवायझर पहिला आला. तात्या सर्वांत शेवटी आले, नखशिखांत भिजलेले. आम्ही चौघे त्यांची जोडी धरायला कमरेभर पाण्यात गेलो.

“कितवा आलो?”

“पाचवा, तात्या.”

“फुडं चारी जोड्याच व्हत्या न्हवं?”

“व्हय.”

तात्यांनी मान डोलावली. ते जाळीवरच बसून राहिले, आणि आम्हा चौघांपैकी कुणालाच त्यांना उतरा म्हणवेना.