लालीची घागर

अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी अभिमन नानांनी पिंप्राळ्याच्या बाजारातून दोन घागरी आणल्या. एक आणली असती तर कोणी वळूनही पाहिलं नसतं. आमच्याकडे अखाजीला गेलेल्या माणसाच्या नावाने घरात पाण्याची घागर भरतात, तिच्यावर खरबूज आणि आंबे ठेवतात आणि त्या माणसाच्या नावाने कोणाला तरी पाटावर जेवायला बसवतात. त्या जेवणाऱ्याला पित्तर म्हणतात. पित्तर जेवल्याशिवाय घरातलं कोणी जेवत नाही. नानांच्या घरी घागर एकच असायची, त्यांच्या पत्नीची, तानुबाईंची. दुसरी कोणाची असेल हे गल्लीने ओळखलं, पण विचारलं कोणी नाही.

लाली ही त्यांची कुत्री. ती माघात गेली.

नाना मूळचे धरणगावचे. शेत दोघा भावांना पुरणारं नव्हतं म्हणून ते जळगावात पिंप्राळ्याला आले आणि एका डाळ मिलमध्ये पोती वाहत राहिले. पाठ गेली तेव्हा मालकाने त्यांना गेटवर बसवलं. तिथूनही सुटून घरी आले, आता जरा पडून राहू म्हणाले, आणि त्याच वर्षी तानुबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. एकुलती मुलगी नूतन शिंदखेड्याला दिलेली. तिची मुलं लहान, सासरे अंथरुणाला खिळलेले. ती यायची, एखादा दिवस राहून आईचे केस धुवायची, आणि डोळे पुसत बसस्टँडवर जायची.

लाली गल्लीतलीच, तांबूस रंगाची, एक कान पडलेली. तानुबाई हिंडत्याफिरत्या होत्या तेव्हा रोज पहिली भाकर तिला घालायच्या. त्या अंथरुणाला लागल्यावर ती आपणहून आत आली आणि बाजेखाली बसली. नानांनी काही दिवस हाकललं, मग हाकलायचाही कंटाळा आला. पुढे कसं कोण जाणे, तिला एक कळू लागलं. तानुबाईंना पाणी हवं असलं, कूस बदलायची असली की त्या डाव्या हाताने बाजेचं लाकूड खरवडायच्या. नानांना ते झोपेत ऐकू येत नसे. लाली उठायची आणि नानांची चादर ओढायची.

तानुबाई गेल्या, तरी लाली बाजेखालीच झोपत राहिली. नानांनी तिला दूधभाकर चुकवली नाही. थंडीत तिच्या अंगावर गोधडीही घालायचे. शेवटी ती खाईनाशी झाली तेव्हा चमच्याने पाणी पाजलं. गेल्यावर तानुबाईंच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून तिला धरणगावला नेलं. कचऱ्याच्या गाडीत देणार नाही, म्हणाले.

रिक्षा गल्लीतल्या योगराजची. त्याने कुरकुर केली. "नाना, एवढ्या लांब! आणि वाटेत कोणी हटकलं तर काय सांगू?"

"घरनं माणूस शे, घरचंच, असं सांग."

शेतावर धाकटा भाऊ नवल कुदळ घेऊन उभा होता. "भाऊ, गाव हसी," तो म्हणाला.

"हसू दे. तू खण."

नवलने खणलं. बांधावर निंबाखाली खड्डा खोल घेतला, मीठ टाकलं, वर दगड रचले. नाना बाजूला बसून राहिले. त्यांना वाकता येत नव्हतं.

अखाजीला लेक माहेरी येते. नूतन सकाळच्या गाडीने आली ती सरळ पुरणाला लागली. लाली गेल्याचं तिला फोनवर कळलं होतं, घागरीचं नव्हतं. कोपऱ्यात दोन्ही घागरी भरून मांडलेल्या पाहिल्या तेव्हा तिने सहज विचारलं, "ही दुसरी आजोबांची का?"

"लालीची."

तिचा हात पुरणातच थांबला. "आईच्या शेजारी कुत्रीची घागर?"

"तिच्याच बाजेखाली होती ना ती."

"नाना, सरळ सांगा ना. लेक आली नाही, कुत्री कामास आली. हेच गल्लीला दाखवायचंय ना?"

नाना भिंतीला टेकले. "टोमणा मारायलाही अंगात जोर लागतो, पोरी. माझ्यात तो राहिला नाही."

नूतनने हात धुतले आणि आणलेली साडी परत पिशवीत कोंबायला सुरुवात केली. "दुपारच्या गाडीने जाते मी. मांडा तुमच्या घागरी."

अखाजीच्या दिवशी लेक न जेवता उंबरा ओलांडून गेली तर त्या घराचं काय राहतं, हे आमच्याकडे कोणाला सांगावं लागत नाही. नाना उठले, पण तिला धरायला हात पुढे झाला नाही.

तेवढ्यात समोरच्या दिपमालाबाई आल्या. तानुबाईंच्या नावाने त्यांनाच सवाशीण म्हणून सांगितलेलं होतं. त्यांनी आत पाहिलं तर दोन पाट, दोन ताटं.

"नाना, दोन पाट? मी एवढी जाड झाले का?"

कोणी हसलं नाही. नूतन पिशवीची चेन ओढत होती.

"मग दुसऱ्यावर कोण?"

दुसरं पित्तर त्यांनी कोणाला सांगितलंच नव्हतं.

"काल दोन-चार दारांशी जाऊन आलो," ते म्हणाले. "सांगू कसं? कुत्रीच्या नावाने जेवायला या, असं कोणाला म्हणू?"

"मला म्हणाला असतात तर मी भांडलेच असते," दिपमालाबाई म्हणाल्या. "आणि सांगायची तरी कोण, सवाशीण का दुसरी कोणी? लालीचा नवरा कोण, हे सगळ्या पिंप्राळ्याला तरी माहीत आहे का?"

नूतनच्या तोंडून हसू निसटलं, आणि त्याचाच तिला राग आला. तिने पिशवी खांद्याला लावली.

"थांब," नाना म्हणाले. "उचलतो मी ती घागर. जिला जेवू घालणारं कोणी नाही, ती मांडायला नको होती."

"मांडलेली घागर हलवत नाहीत, नाना," दिपमालाबाई म्हणाल्या.

पण नाना वाकले होते. पाठीत कळ आली असावी. घागर हिंदकळली, खरबूज घरंगळत बाजेखाली गेलं, आणि ते तसेच घागर धरून खाली बसले. लेकीकडे न पाहता बोलू लागले.

"तू यायला हवं होतंस, असं मी कधी मनातही आणलं नाही. तुझ्याकडे तुझं दुखणं होतं. मला फक्त झोप येत होती, नूतन. दिवसभर तुझ्या आईचं करायचो आणि रात्री मेल्यासारखा पडायचो. भीती वाटायची, की तिने हात हलवला आणि मी उठलोच नाही तर? लाली उठवेल एवढं कळलं, तेव्हापासून झोपलो मी. तेवढंच केलं तिने. मला झोपू दिलं."

नूतन दारात उभी होती. तिच्या सासऱ्यांचंही तेच होतं. वर्षानुवर्षं रात्रीचं तीच उठत होती, आणि तिची चादर ओढायला कोणी नव्हतं. हे ती कोणाजवळ बोलली नव्हती. त्या दिवशीही बोलली नाही. पिशवी खाली ठेवून तिने बाजेखालचं खरबूज काढलं, पुसून घागरीवर ठेवलं आणि दुसऱ्या पाटावर जाऊन बसली.

"अगं, घरची लेक पित्तर बसत नाही," दिपमालाबाई म्हणाल्या.

"घरची कुठली, काकू? लग्नात तुम्हीच सगळ्यांनी मिळून शिंदखेड्याला लावून दिलं ना!"

दिपमालाबाई पदर सावरून पहिल्या पाटावर बसल्या.

नानांनी गोवरीच्या निखाऱ्यावर तूप सोडलं, पुरणपोळीचा घास टाकला. तानुबाईंचं नाव घेतलं आणि जरा थांबून लालीचं. धूर घरभर झाला. मग त्यांनी वाढायला घेतलं. रस ताटाबाहेर सांडत होता. नूतनने पहिला घास हातातच धरला.

"चादर कशी ओढायची ती?" तिने विचारलं.

"पायाकडून. हळूच. उठलो की सोडून द्यायची."

नूतन मान खाली घालून जेवू लागली. पोळी संपली तशी नानांनी विचारलं, "अजून वाढू?"

"पित्तराला विचारतात का कोणी?" दिपमालाबाई म्हणाल्या. "वाढा."

नानांनी अख्खी पोळी तिच्या ताटात ठेवली, वर तुपाची धार धरली. तिला तेवढं जाणार नव्हतं, तरी तिने ती संपवली आणि रसाची वाटी पुन्हा पुढे केली. दुपारची गाडी निघून गेली. ती संध्याकाळच्या गाडीने शिंदखेड्याला परतली, कारण रात्री सासऱ्यांजवळ कोणी नव्हतं.