एकही तक्रार नाही

"मनकर्णानं सोडवल्याबिगर माह्यं कोडं घराबाहेर जात नाई," असं देवराव एकदा टपरीवर बोलून गेला, आणि पुढं महिनाभर लोक त्याला बायकोचा चपराशी म्हणत राहिले.

पण ते खरंच होतं. घुग्घुसच्या कोळसा खाणीत तीस वर्षं हजेरीबाबू राहिलेल्या देवरावला चौकोनांची सवय होती. निवृत्तीनंतर हजेरीच्या कोऱ्या पानांवर तो शब्दकोडी आखू लागला, आणि चंद्रपूरच्या एका लहानशा दैनिकानं ती रविवारी छापायला घेतली. त्याला सतरा वर्षं झाली. दर बुधवारी मनकर्णा भात शिजत ठेवून पेन्सिल घेऊन बसायची. शिक्षण सातवी. तिचं अडलं की चूक देवरावची.

"अवो, हा कोणचा शब्द? जिता हाय का मेला?"

"पुस्तकातला हाय."

"मंग पुस्तकातच राहू द्या. सोडवनाऱ्याले काऊन त्रास?"

तो कुरकुरत खोडायचा. चौकोन कमी पडला तरी तीच बोट ठेवायची. भांडता भांडता कितीदा भात करपला.

दिवाळीनंतर ती गेली. आठ दिवसांचा ताप. पुण्यानुमोदनाचा विधी झाला आणि चौथ्या दिवशी पेपरातून फोन आला, कोडं पोचलं नाही म्हणून. देवरावनं एक कोडं आखलं आणि कुणी सोडवून न पाहताच पाकीट पाठवलं.

रविवारी छापलेलं पान पाहताना चूक त्याच्या लक्षात आली. आडवा सात: चैत्रात पहाटे झाडाखाली वेचतात ते. उत्तर मोहफूल. अक्षरं चार, चौकोन तीन. दिवसभर तो फोनजवळून हलला नाही. फोन वाजला नाही.

सोमवारी टपरीवर हरिदास भेटला. दर आठवड्याला कोड्याची तारीफ करणारा हाच एक.

"देवरावभाऊ, कालचं कोडं मस्त होतं!"

"सुटलं?"

"सुटलं म्हंजे? दहा मिनिटात."

"पूर्ण?"

"पूर्ण. या टाइमले जरा सोपंच टाकलं तुमी."

देवराव अर्धा चहा तसाच ठेवून उठला.

गुरुवारी तो चंद्रपूरच्या बसमध्ये बसला. पुढच्या रविवारचं कोडं खिशात होतं, पण जाण्याचं कारण ते नव्हतं. धानोऱ्यात, जिवतीत, कुठंतरी कुणाची तरी पेन्सिल सातव्यावर अडली असेल, त्यानं वैतागून देवरावला शिवी हासडली असेल, निदान एखादं पोस्टकार्ड खरडलं असेल. तेवढं एक त्याला हवं होतं.

पुरवणीचं काम पाहणाऱ्या खुशबूनं त्याला खुर्ची दिली. काकू गेल्याचं कळलं म्हणाली, पाणी मागवलं.

"माझ्या कोड्याची तक्रार आली का?"

"कशाची तक्रार, काका?"

"चूक आहे त्यात. आडवा सात पाहा."

तिनं अंक उघडला, बोटानं चौकोन मोजले. "अरे, खरंच की!" मग त्याचा चेहरा पाहून ती घाईनं म्हणाली, "टेन्शन घेऊ नका. राशिभविष्य चुकलं ना, तर चाळीस फोन येतात. यावर एकही नाही. आणि मी इथं सहा वर्षं आहे, तुमच्या कोड्याबद्दल आजवर कुणाचा फोनच आला नाही. चुकलं तरी चालते काका, कुणाले समजत नाही."

ती मनापासून धीर देत होती. देवराव त्या तीन चौकोनांकडे पाहत राहिला. सतरा वर्षांत नऊशेच्या आसपास कोडी झाली होती. ती सोडवणारी पेन्सिल एकच होती, आणि तीही कोडं छापायच्या आधीच चालायची.

"पुढचं आणलं ना?" खुशबूनं हात पुढं केला.

देवरावचा हात खिशाकडे गेला आणि तिथंच थांबला. तो उठला, खुर्ची नीट सरकवून ठेवली आणि कोडं तसंच खिशात घेऊन बाहेर पडला.