कप्तानाने न उपसलेलं पाणी

मी आयुष्यात एकदाच नापास झाले, आणि त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही.

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, अमरावतीच्या कॉलेजात, आम्हाला एका बुडालेल्या जहाजाची हकिगत अभ्यासाला होती. लिहिणारा खुद्द कप्तान. जहाज फुटतं, अकरा माणसं एका गळक्या होडीत तेवीस दिवस काढतात आणि शेवटी किनाऱ्याला लागतात. वीस गुणांचा स्वाध्याय होता: हकिगतीचा आशय सांगा, मजकुरातून पुरावे द्या. सरांनी ग्रुपवर नोट्स टाकल्या होत्या. आशय, संकटातलं नेतृत्व. पुरावे, कप्तानाची पहिल्या चार पानांतली भाषणं. सगळ्या वर्गाने तेच उतरवून काढलं. मलाही काढता आलं असतं. पास झाले की बी.एड., मग अकोल्याला नोकरी, असं घरी ठरून गेलं होतं.

पण आम्ही पातूरकडचे भाजीवाले. शितावरून भाताची परीक्षा होत असेल, टमाट्याची होत नाही. टोपलीच्या तोंडाशी लालबुंद माल लावायचा आणि दबलेला खाली, ही कला मी लहानपणीच शिकले. म्हणून दुसऱ्याचा माल घ्यायची वेळ आली की माय बजावायची, "वरचा माल पाहू नोको, टोपली उपडी कर." मी हकिगत शेवटच्या पानापासून उलटी वाचत आले. भाषणं सोडून दिली. होडीत काम कोण करतंय, एवढंच पाहिलं.

नऊ ठिकाणी एकच माणूस सापडला, जहाजावरचा स्वयंपाकी. कप्तान वाऱ्याबद्दल लिहितो, स्वतःच्या काळजीबद्दल लिहितो, आणि जाता जाता सांगतो की स्वयंपाकी तेव्हा पाणी उपसत होता. पहाटे उपसत होता, अंगात ताप असताना उपसत होता. त्याला नाव नाही की तोंडी एक वाक्य नाही. मी लिहिलं, ही होडी धीराच्या शब्दांवर नाही, रोज उपसलेल्या पाण्यामुळे तरली. पानांचे नंबर दिले. वर ठसक्यात हेही लिहिलं की कप्तान खोटारडा आहे.

सरांनी स्टाफरूममध्ये बोलावलं. खोटारडेपणा कुठल्या ओळीत दिसला, विचारलं. मी पुस्तक चाळलं. कुठेच नव्हता. त्याने काही लपवलं नव्हतं. उलट त्याच्याच लिहिण्यातून मला स्वयंपाकी मिळाला होता. राग माझा होता, पुस्तकातला नव्हता. मी ओशाळले आणि ते वाक्य तिथेच खोडलं.

मग सर म्हणाले, आता बाकीचंही खोड. समुद्र तरी पाहिलास का कधी, असंही विचारलं. नव्हता पाहिला. अजूनही नाही. पण गळकी होडी पाणी घेते हे कळायला समुद्रावर जाऊन यावं लागत नाही. संतापले की माझी पुस्तकी मराठी पळून जाते. मी म्हटलं, "सर, कप्तानानं एक बालदी तरी पाणी उपसलं, अशी ओळ दाखवा. मी माह्यं उत्तर आत्ताच फाडतो."

सरांनी पानं उलटली. चहा आला, गार झाला. शेवटी पुस्तक मिटून म्हणाले, नोट्सप्रमाणे लिहून आण, पास करतो. दोन दिवसांनी मी माझंच उत्तर स्वच्छ अक्षरात लिहून त्यांच्या टेबलावर ठेवलं. सहा गुण मिळाले. आठ लागत होते. बी.एड.चं वर्ष गेलं.

एसटीत रडले नाही, घरी येऊन रडले. माय मेथीच्या जुड्या बांधत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग दाखवली का त्यानं ती ओळ?"

मी नाही म्हटलं.

"मंग तू कशी नापास?"

पुढच्या वर्षी मी पुन्हा बसले. उत्तर तेच लिहिलं. या वेळी आठ गुण मिळाले.